सूचनेचं लपुक

पौड रस्त्यानं भुकूम सोडून थोडं पुढं आलं की आमच्या गावचा फाटा लागतो. त्या फाट्यावर माझा एसटीडी बूथ होता. पिवळी टपरी. पिवळी होती असं लोक सांगायचे. मला काय, पिवळी असो नाहीतर जांभळी. मी जन्मापासून आंधळी. ‘दृष्टिहीन’, ‘दिव्यदृष्टी’ असले शब्द घेऊन माणसं पुण्याकडून यायला लागली ती फार नंतर. आंधळीला आंधळी म्हटल्याचा मला कधी राग आला नाही. राग कशाचा आला तेच सांगायला बसलेय, आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुण्यात अंधशाळेत दहावी केली, पुढं टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला, आणि अपंगांना बूथ मिळायचे त्या दिवसांत मलाही एक मिळाला. चांगला चालला. संध्याकाळी रांग लागायची. बांधकामावरचे मजूर गावाकडं फोन करून हिंदीत रडायचे, पोरी चोरून बोलायच्या, आणि मी मीटरची टिकटिक ऐकत बसायची. मग हिंजवडीत कंपन्या उभ्या राहिल्या, आमच्या रस्त्यानं कॅबा पळायला लागल्या आणि बघता बघता शेरडं राखणाऱ्याच्या खिशातसुद्धा मोबाईल वाजायला लागला. रांग गेली. वर रस्ता रुंद होणार, टपऱ्या उठणार, अशी कुणकुण सुरू झाली.

माझी सगळी भिस्त एका गाळ्यावर होती. ग्रामपंचायतीनं ऑफिसला लागून गाळे बांधायला घेतले होते, आणि त्यातला एक गावातल्या अपंगाला द्यायचा असा ठराव झालेला होता. बाकी गावात अपंग म्हणजे एक पाय गेलेला गडी, तोही पोराकडं चाकणला राहायला गेलेला. म्हणजे तो गाळा माझाच होता, फक्त सूचना निघाली की मुदतीत अर्ज द्यायचा. गाळ्यात झेरॉक्सचं मशीन ठेवायचं, मोबाईलचा रिचार्ज करायचा, एक फोन असू द्यायचा, असं माझं सगळं मनात मांडून झालं होतं. आईला म्हणायची, “म्हातारपणी तुला पंख्याखाली बसवते का न्हाई बघ.” आई म्हणायची, “आधी मिळू तर दे.” आई माझी जन्माची अशी. चांगलं बोलायला घाबरते.

सूचना निघाली की मला कळणार कशी? आई अडाणी, मी आंधळी. तर त्याला एक सोय होती, आमचे मामा. नात्यातले नव्हेत, ग्रामपंचायतीचे शिपाई. घरात मेंढरं, भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा आणि हे चौथी शिकले म्हणून पंचायतीत चिकटले. बोर्डावर काही नवीन लागलं की मामा सायकल माझ्या टपरीला टेकवायचे आणि ते कागदावरचं जसंच्या तसं म्हणून दाखवायचे, कीर्तनात ओवी म्हणावी तसं, हेल काढून. “सर्व ग्रामस्थांस कळविन्यात येते कीऽ” इथून सुरुवात आणि शेवटी, “खाली सही हाय, पन कुनाची ते ब्रह्मदेवाला ठाव.” पाणीपट्टी, ग्रामसभा, कुत्र्यांचं लसीकरण, सगळं मी असंच ऐकलं. त्या बदल्यात चहा. कधी तेही नाही.

एके दिवशी एक मुलगी बूथवर आली. मोबाईलची बॅटरी संपलेली, घरी फोन लावायचा होता. बोलणं ऐकलं आणि मी ओळखलं, ही आपल्याकडची नव्हे. आईला फोनवर म्हणत होती, “जेवायलेय गं, जेवायलेय, काळजी नको करू.” परभणीकडची होती. भुकूमला नव्या सोसायटीत मैत्रिणींबरोबर राहायची, हिंजवडीत नोकरी. फोन झाल्यावर गेली नाही, बसली. मला म्हणाली, “ताई, तुम्ही नंबर न बघता कसं लावायलात?” मी म्हटलं, “बघून लावतात ते चुकवतात.” हसली. दुसऱ्या शनिवारी परत आली, मोबाईल चार्ज असताना.

मग तो परिपाठच झाला. शनिवारी ती आमच्याकडं. आईच्या हातची ज्वारीची भाकरी खायची आणि म्हणायची, आता गावाकडं आल्यासारखं झालं. माझ्या डोक्याला तेल लावायची. मी कुणाला बोलले नव्हते ते तिला बोलले. एकदा म्हटलं, “माझ्या आयुष्यात मला आलेलं एकही पत्र मी पहिलं वाचलेलं नाही गं. सगळं माझ्याआधी कुणीतरी वाचलेलं असतं. पोस्टमननं, मास्तरांनी, मामांनी. चांगलं वाईट काय ते त्यांना आधी कळतं, मग आवाज ठीक करून ते मला सांगतात.” ती माझा हात बराच वेळ धरून बसली. आता वाटतं, तेव्हाच तिच्या डोक्यात ते आलं असणार.

तिच्या कंपनीत दरवर्षी काहीतरी समाजकार्य करावं लागायचं. कुणी झाडं लावायचे, कुणी शाळेच्या भिंती रंगवायचे. हिनं ठरवलं, गावाची वेबसाइट अशी करायची की आंधळ्या माणसाला वाचता येईल. आमच्या ग्रामपंचायतीला वेबसाइट होतीच. हिंजवडी शेजारी म्हटल्यावर वेबसाइट पाहिजेच, जसं शेजारच्याच्या लग्नाला डीजे तर आपल्याला पण डीजे. तिनं कंपनीतला एक जुना कॉम्प्युटर मला आणून दिला. त्यात वाचणारं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारं. कॉम्प्युटर मला थोडाफार शाळेतच शिकवलेला होता, कीबोर्ड हाताला माहीत होता. बूथचीच लाइन घरापर्यंत ओढून इंटरनेट घेतलं.

तो आवाज मराठी नव्हता, हिंदी होता. त्याला ‘ळ’ यायचा नाही, गिळून टाकायचा. मुळशीचं ‘मुशी’ करायचा. शाळेचं ‘शाआ’. डोळा आणि गाळा ह्या माझ्या दोन्ही दुखण्यांतला ळ तो गिळायचा. आईला भारी मजा वाटायची. म्हणायची, “दात पडलेत का काय मेल्याचे?”

पण ळ परवडला. पहिल्यांदा पंचायतीची वेबसाइट उघडली तेव्हा जे ऐकलं ते ऐकून मी कानांवरचा हेडफोनच काढून ठेवला. एक्स, झेड, के, ई, असं काहीतरी बडबडत, मधेच सेमीकोलन म्हणत गाडी पुढं, आणि मग एकदम स्पष्ट शब्द आला, “लपुक.”

“लपुक काय गं?” मी विचारलं.

ती पडद्याकडं बघून म्हणाली, “ताई, इथं तर ‘सूचना’ लिहिलेलं आहे.”

मग तिनं मला समजावलं. पौडात एक टायपिंगवाला होता. गावाचं सगळं टाइप तिथंच व्हायचं, लग्नाच्या पत्रिकेपासून ठरावापर्यंत. त्याचा फॉन्ट जुना. त्या फॉन्टात मराठी अक्षर म्हणजे नुसतं सोंग. वरून डोळ्याला ‘सू’ दिसतो, पण आत कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी एल आणि डब्ल्यू असतो. माणसाला सोंग दिसतं म्हणून त्याला ‘सूचना’ वाचता येते. माझं मशीन सोंगाच्या आतलं वाचतं, म्हणून ‘लपुक’. ह्यावर उपाय एकच, सगळा मजकूर युनिकोड नावाच्या नव्या पद्धतीनं परत टाइप करायचा. त्यात अक्षर आतूनबाहेरून एकच असतं.

तो शब्द आमचा झाला. कुणी थापा मारल्या की आम्ही म्हणायचो, लपुक. उपसरपंचांचं भाषण, लपुक. तिच्या मॅनेजरनं पगारवाढीचं आश्वासन दिलं, लपुक. दर शनिवारी ती एकेक पान आमच्या घरी बसून नव्यानं टाइप करायची आणि मी ऐकून चुका काढायची. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द मशीननं पहिल्यांदा सरळ उच्चारला तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. ती म्हणाली, “ताई, बघा, एक दिवस असा येईल, सूचना निघंल आणि गावात सगळ्यात आधी तुम्ही वाचाल.” मी तिला जवळ घेतलं. त्या वाक्यासाठी मी तिला काय दिलं नसतं! आणि बाई गं, त्याच वाक्यानं केसानं गळा कापला.

प्रजासत्ताक दिनाला उद्‌घाटन ठरलं. कंपनीची माणसं येणार, पाहुणे येणार. त्याच्या आदल्या आठवड्यात ती घाईत होती. आली, माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसली आणि म्हणाली, “ताई, आता पत्ता टाइप करायची कटकट नाही. इंटरनेट चालू केलं की थेट आपलं पान उघडंल.” मी म्हटलं, वा! कटकट गेली म्हणून मी तिला चहा करून पाजला.

उद्‌घाटनाला पंचायतीपुढं मांडव. नारळ फुटला. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या म्हणे, बोलले सगळं उपसरपंच. म्हणाले, “आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं ह्या कंपनीनं आमच्या भगिनीला दोन डोळे दिले.” आंधळ्यांवर म्हणी मराठीत मायंदाळ. त्या दिवशी ती ऐकताना मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. माझाच कॉम्प्युटर टेबलावर आणून ठेवला होता. मी बटण दाबलं, मशीन मोठ्यांदा बोललं, “नमस्कार, ग्रामपंचायतीच्या संकेतस्थआवर आपलं स्वागत आहे.” टाळ्या. पुढं गेले. पंचायतीची माहिती, योजना, मग “सूचना. सध्या कोणतीही नवीन सूचना नाही.” परत टाळ्या. सूचना नाही ह्याला इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

फोटोवाला म्हणाला, “मॅडम, जरा स्क्रीनकडे बघा ना.” मी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. तो म्हणाला, “नाही नाही, तो स्पीकर झाला. स्क्रीन, स्क्रीन.” शेवटी तिनंच माझी हनुवटी धरून चेहरा वळवला. कंपनीचा कुणी साहेब माइकवर अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलला. सन्मान, स्वावलंबन, कुणावर अवलंबून राहायचं नाही. फोटो निघाला. नंतर तो पंचायतीच्या भिंतीवर फ्रेम करून लागला.

त्यानंतर ती कमी यायला लागली. काम वाढलंय, म्हणायची. मी समजून घेतलं. रोज सकाळी टपरी उघडायच्या आधी मी कॉम्प्युटर लावायची. आपलं पान थेट उघडायचं. “सूचना. सध्या कोणतीही नवीन सूचना नाही.” रोज तेच. तो आवाज मला देवपूजेसारखा झाला होता. आई विचारायची, “काय म्हनतोय बोबड्या?” मी सांगायची, “अजून न्हाई निघाली.” आणि समाधानानं टपरीवर जायची. समाधान म्हणजे काय, तर आता कुणाची वाट बघायची नाही. मामांच्या सायकलीचीसुद्धा नाही.

मामांनी सायकल टेकवणं बंद केलं होतं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी मनाला लावून घेतलं नाही. रस्त्यानं जाताना घंटी मारायचे, “बरंय का पोरी?” मी म्हणायची, “बरंय मामा.” झालं.

उन्हाळा सरत आला होता. एके दिवशी गाळ्यांकडून शटर बसवल्याचा, भिंतीला ड्रिल मारल्याचा आवाज यायला लागला. मामांची घंटी ऐकून मी त्यांना थांबवलं. विचारलं, “मामा, गाळ्यांचं काम निघालं वाटतं?”

“निघालं म्हंजे? वाटून झालं की.”

“कसलं वाटून?”

“गाळं गं. समद्यांला चाव्या दिल्या. अपंगाचा पन दिला. उपसरपंचाच्या साडूच्या पोराला. मोबाईलचं दुकान टाकतुया.”

मला वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, “त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट हाय की!”

“व्हय, पन अपंगाचा अर्जच न्हाई आला म्हनं मुदतीत. मग टाकला त्यो साध्या गाळ्यांत.”

“सूचना कधी लागली?”

“महिनाभर हुती की बोर्डावर.”

मी ओरडलेच. “आन तुमी मला सांगितलं न्हाई, मामा?”

सायकल टेकवल्याचा आवाज आला. मग मामा खालच्या आवाजात बोलले. “भाऊसाहेब म्हनले, तिला आता वाचून दाखवायचं न्हाई. तिचा अपमान हुतो. कंपनीवाल्यांनी सांगितलंय, ती सोता वाचती. मला वाटलं, तू वाचलं असशील. तुला नको असंल गाळा.” जरा थांबून म्हणाले, “मी दोनदा घंटी मारली, तू बरंय म्हनलीस.”

त्यांना मी काय बोलणार! त्यांनी माझा मान राखला होता.

मी तशीच पंचायतीत गेले, मामांच्या हाताला धरून. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. शांतपणे म्हणाले, “ताई, वेबसाइटवर टाकलं होतं. बोर्डावर लावलं होतं. नियमात जे आहे ते सगळं केलंय.” मी म्हटलं, “वेबसाइटवर नव्हतं. मी रोज ऐकते.” त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं, म्हणजे वाचून दाखवलं. होतं. गाळा, राखीव, अर्जाची मुदत, सगळं होतं. मी विचारलं, “हा पत्ता कुठला?” त्यांनी पत्ता सांगितला. गावाच्या नावाचा, साधा. मी तो घोकत घरी आले.

घरी आमचं थेट उघडणारं पान बाजूला सारलं आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तो पत्ता माझ्या हातानं टाइप केला. कान लावला. एक्स, झेड, के, ई. सेमीकोलन. आणि मग स्पष्ट, “लपुक.”

मी खुर्चीत बसून राहिले. बाण दाबत दाबत खाली गेले. लपुक, लपुक. सगळं जुनंच होतं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. मी शनिवारी शनिवारी ऐकलेली पानं गावाच्या वेबसाइटवर कधी चढलीच नव्हती. ती एका बाजूला, माझ्यापुरती, निराळ्या पत्त्यावर ठेवलेली होती, आणि त्या पत्त्यावर मी सोडून दुसरं कुणी जात नव्हतं. उद्‌घाटनाला सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या त्या त्याच पानाला. मग त्या गचाळ बडबडीत मधेच मशीन एकदम शुद्ध बोललं, “छायाचित्र. अंध भगिनी संकेतस्थ स्वतः वाचताना.” फोटोखाली हे वाक्य तिनं युनिकोडमध्ये लिहून ठेवलं होतं. अख्ख्या वेबसाइटवर मला वाचता येईल असं तेवढं एकच वाक्य होतं, आणि ते माझ्याबद्दल खोटं सांगत होतं.

आई म्हणाली, “काय झालं गं?” मी म्हटलं, “आंधळं दळतंय आन कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!” आणि मग मला रडू फुटलं.

तिला फोन केले. तिनं उचलले नाहीत. शेवटी शनिवारी आली, नेहमीसारखी. पायरीवर चप्पल काढली आणि तिथंच थांबली. आईनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं.

मी म्हटलं, “खोटी वेबसाइट करून दिलीस मला?”

“खोटी नाही, ताई. सोपी. तुमच्यासाठी वेगळी.”

“मी मागितली होती वेगळी?”

ती भराभर बोलायला लागली. टायपिंगवाला तयार होईना. नवीन कीबोर्ड शिकायला त्याला वेळ नाही. भाऊसाहेब म्हणाले, आमचं दिसतंय ते छान दिसतंय, त्याला हात लावू नका. उद्‌घाटनाची तारीख कंपनीनं ठरवून टाकलेली. म्हणून तिनं तेवढी पानं बाजूला बनवली आणि भाऊसाहेबांना सांगितलं, अंधांची सोय वेगळी झाली. “मला वाटलं, नंतर हळूहळू मूळचीपण बदलून घेऊ.”

“आणि माझ्या पानावर नवीन सूचना कोण टाकणार होतं?”

“मी.”

“मग?”

“माझा प्रोजेक्ट बदलला, ताई. रात्रीची शिफ्ट आली. भाऊसाहेबांनी मला काही पाठवलंच नाही.”

“आणि पान रोज म्हणत राहिलं, सूचना नाही म्हणून.”

ती रडायला लागली. आई आतून आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तेव्हा मला आईचाही राग आला. मी म्हटलं, “तुला जमलं नाही, ह्याचं मला काही नाही गं. गावात कुणाला काय जमतं? पण एक शब्द बोलायचास. ताई, हे लपुक आहे, म्हणायचंस. मी मामांना म्हटलं असतं, वाचत जावा मामा, बंद करू नका. माझा गाळा गेला नसता. मी तुला माझ्या पत्रांचं सांगितलं होतं, आठवतंय? माझ्याआधी सगळ्यांना कळतं, आणि मग सगळे आवाज ठीक करून मला सांगतात. त्यांच्यात तू सगळ्यात वाईट निघालीस. तू मशीनचा आवाज ठीक करून दिलास.”

ती म्हणाली, “मी ते पान मनापासून केलं होतं.”

“व्हय,” मी म्हटलं. “म्हणून तर मी फसले.”

गेली. भाकरी तशीच राहिली. आईनं ती दुपारी शेजारच्या कुत्रीला घातली.

ग्रामसभेत मी उभी राहिले. बायका सहसा बोलत नाहीत, आंधळ्या तर नाहीतच, त्यामुळं सगळे गप्प झाले. मी सांगितलं, मला वेगळं पान दिलं होतं, त्यावर सूचना नव्हती, गाळ्याची सूचना परत काढा. उपसरपंचांनी ऐकून घेतलं. मग लोकांतून कुणाचा तरी आवाज आला, “आंदळ्याला येगळं पान आन आमाला येगळं? असं कुटं अस्तंय व्हय?” लोक हसले. मला त्यांचा राग आला नाही. खरंच, असं कुठं असतं? मला सांगितलं असतं तर मीही हसले असते.

मग खुर्ची सरकल्याचा आणि काच खडखडल्याचा आवाज झाला. उपसरपंचांनी भिंतीवरची फ्रेम काढायला लावली होती. “ह्यो फोटू कुनाचा हाय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “तिचाच हाय की.”

“काय करतिया ती त्यात?”

“वाचतिया.”

“मग?” म्हणाले. “वाचता येतंय, आन म्हनती कळलं न्हाई. गावानं अजून काय करायचं?”

मामा उठून काहीतरी बोलायला लागले होते. त्यांना भाऊसाहेबांनी बसवलं. त्यांची नोकरी होती, ते बसले. पुढचा विषय कासारसाईच्या धरणावर गेलेल्या सहलीच्या ट्रॅक्टरचा होता. मी आईचा हात धरला आणि घरी आले.

रस्ता रुंद झाला, टपरी उठली. मी फोन घराच्या ओट्यावर आणला. कुणी येतं, कुणी येत नाही. मामा परत बोर्ड वाचून दाखवायला लागले. आता मात्र कागदावरचं वाचून झालं की बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत काय काय लागलंय तेही सांगतात, जुनी जाहिरात, कुणाचा हरवलेला बैल. मी कधी पुरे म्हणत नाही. कॉम्प्युटर मी ठेवला आहे. माझं ते पान अजून उघडतं. कुणी बंद करायलाही विसरलं.

नंतर वर्षानं तिचा फोन आला. परदेशातून, लाइनवर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. घाबरत घाबरत बोलत होती. आईची तब्येत विचारली, मामांचं विचारलं. तिकडं तिला ह्याच कामासाठी काहीतरी बक्षीस मिळालं होतं, तेही बोलण्यात आलं, आणि बोलून गेल्यावर ती थांबली. मग घाईनं म्हणाली, “ताई, तुम्ही सांगा ना. काय नवीन?”

मी म्हटलं, “सध्या कोणतीही नवीन सूचना नाही.”

“ताई?” ती म्हणाली. “ताई, असं नका ना बोलू.”

मी परत तेच म्हटलं, तशाच सपाट आवाजात, एकेक शब्द सुटा करून. पलीकडं ती रडत होती, आणि तिचं रडणं मला दोनदा ऐकू येत होतं. मग मी फोन ठेवला.